बेसबॉलपटूंच्या करारनियमांत सुधारणा सुचवायची असेल तर मसुदा कसा बांधावा

मेजर लीग बेसबॉलमध्ये नव्याने आलेला खेळाडू कोणाकडून खेळणार हे तो स्वतः ठरवत नाही. ज्या क्लबने त्याला निवडले त्या क्लबकडे हा हक्क सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत राहतो. सेवा भरली की तो मुक्त होतो, म्हणजे फ्री एजंट होतो, आणि बाजारात उभा राहून आपली किंमत आणि आपले गाव दोन्ही निवडू शकतो. आयपीएलच्या लिलावाला सरावलेल्या वाचकाने एक फरक सुरुवातीलाच ध्यानात घ्यावा. लिलावात सर्वांत मोठी बोली लावणारा संघ खेळाडूला घेऊन जातो आणि त्याची पसंती कोणी विचारत नाही. बेसबॉलमधल्या मुक्त खेळाडूला मात्र कमी पैशांचा प्रस्ताव स्वीकारून आवडत्या शहरात राहण्याचीही मुभा असते.

या नियमांचा सध्याचा संच मार्च २०२२ मध्ये, क्लबमालकांनी पुकारलेल्या ९९ दिवसांच्या टाळेबंदीनंतर, ठरला आणि त्याची मुदत १ डिसेंबर २०२६ रोजी संपते. त्यात काय बदलावे याविषयी मते पुष्कळ आहेत, पण मत आणि मसुदा यांत अंतर असते. कारखान्यांच्या वेतनकरारांचे मसुदे लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. बेसबॉलचा नाद नंतर, अमेरिकेत राहणाऱ्या मुलीमुळे लागला. दोन्हीकडचा अनुभव एकच सांगतो: तिजोरीवरचे भांडण सगळ्यांना दिसते, पण खरी सत्ता हजेरीपटाशी असते. त्यामुळे विधी किंवा व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला, अभ्यासगटाला किंवा नुसत्या जाणत्या चाहत्याला सुधारणेचा प्रस्ताव लिहायचा असेल, तर त्याने वेतनमर्यादेपासून नव्हे, दिवस मोजण्याच्या नियमापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

बदल कोणत्या कागदावर करायचा ते आधी ठरवा

पहिली चूक येथेच होते. ‘आयुक्तांनी हा नियम रद्द करावा’ असे वाक्य लिहून लोक मोकळे होतात. आयुक्त, म्हणजे लीगचे प्रमुख, तसे करू शकत नाहीत. प्रत्येक खेळाडू सही करतो तो नमुना करार, क्लबमालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सामूहिक करार, लीगची अंतर्गत नियमावली आणि संघराज्याचा कामगार कायदा असे हे चार वेगवेगळे थर आहेत. वेतन आणि सेवाशर्ती हा अमेरिकन कायद्याने सक्तीच्या वाटाघाटीचा विषय मानला आहे. फेब्रुवारी १९९५ मध्ये, संप चालू असताना, मालकांनी वेतनलवाद आणि मुक्त खेळाडूंसाठीची खुली स्पर्धा एकतर्फी बंद करून पाहिली. राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळ न्यायालयात गेले आणि ३१ मार्च १९९५ रोजी न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी मनाई हुकूम देऊन जुन्या अटी परत लागू केल्या. २३२ दिवसांचा तो संप त्यानंतरच मिटला.

न्यायालयाच्या वाटेने मोठी सुधारणा होईल, ही आशाही जपून धरावी. सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर (मैदानाच्या मधला क्षेत्ररक्षक) कर्ट फ्लड याला १९६९ मध्ये त्याच्या इच्छेविरुद्ध फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले, तेव्हा त्याने आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहून नकार कळवला आणि खटला भरला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला, कारण १९२२ च्या निकालाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून दिलेली सूट मोडायला न्यायाधीश तयार नव्हते. जे न्यायालयात मिळाले नाही ते तीन वर्षांनी लवादाच्या खोलीत मिळाले. नमुना कराराच्या १०अ या कलमानुसार खेळाडूने सही केली नाही तरी क्लब त्याचा करार एक वर्ष वाढवू शकत असे, आणि मालक या ‘एका वर्षाचा’ अर्थ पुन्हा पुन्हा एक वर्ष, म्हणजे जन्मभर, असा लावत आले होते. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली १९७५ चा हंगाम सहीविना काढून लवादापुढे गेले. लवाद पीटर साइट्झ यांनी २३ डिसेंबर १९७५ रोजी एक वर्ष म्हणजे एकच वर्ष असा निर्णय दिला आणि मालकांनी त्यांना तत्काळ पदावरून दूर केले. जवळपास शतकभर टिकलेले राखीव कलम दोन शब्दांच्या अर्थावर कोसळले, हे मसुदा लिहिणाऱ्याने भिंतीवर लावून ठेवावे.

म्हणून कागदाच्या डोक्यावर स्पष्ट लिहा: हा प्रस्ताव सामूहिक कराराच्या वाटाघाटीसाठी आहे, तो कोणत्या बाजूने मांडला जात आहे, आणि त्याच्या बदल्यात समोरच्या बाजूला काय देऊ केले आहे. तिसरा मुद्दा नसलेला प्रस्ताव वाटाघाटीच्या मेजावर कोणी वाचत नाही.

हजेरीपट वाचायला शिका

मेजर लीगच्या यादीवर १७२ दिवस असलेल्या खेळाडूच्या खाती एक वर्षाची सेवा जमा होते. हंगाम साधारण १८३ ते १८७ दिवसांचा असतो, म्हणजे दहा-पंधरा दिवसांची सवलत आधीच धरलेली आहे. जखमी खेळाडूंच्या यादीत काढलेले दिवसही सेवेत मोजले जातात. पहिली सुमारे तीन वर्षे क्लब किमान वेतनाच्या वर मनाला येईल ते देतो. हे किमान वेतन २०२२ मध्ये ७ लाख डॉलर होते आणि २०२६ मध्ये ७ लाख ८० हजार आहे. तीन वर्षे भरल्यावर वेतनलवादाचा हक्क येतो: खेळाडू एक आकडा देतो, क्लब दुसरा देतो आणि तीन जणांचे मंडळ त्यांतला एक उचलते, मधला काढत नाही. दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान असलेल्यांपैकी सर्वाधिक सेवा असलेल्या २२ टक्क्यांना हा हक्क एक वर्ष आधी मिळतो. त्यांना ‘सुपर टू’ म्हणतात. सहा वर्षांनंतर मुक्तता.

आता हा हिशेब एका माणसावर लावून पाहू. शिकागो कब्जचा क्रिस ब्रायंट याने २०१५ च्या वसंत सरावात नऊ होमरन मारले होते आणि तो तयार आहे हे आंधळ्यालाही दिसत होते. तरी बचावात सुधारणा हवी असे कारण देऊन क्लबने त्याला मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या स्पर्धेत, ठेवले आणि १७ एप्रिलला वर आणले. तो हंगाम ५ एप्रिल ते ४ ऑक्टोबर असा १८३ दिवसांचा होता. ब्रायंटचे दिवस बोटांवर मोजा: एप्रिलचे १४, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३० आणि ऑक्टोबरचे ४. बेरीज १७१. वर्षाला एक दिवस कमी. क्लबने आठ सामने त्याच्याविना काढले आणि त्या बदल्यात सातवा हंगाम मिळवला. ब्रायंट त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, पण मुक्त झाला तो २०२० नंतर नव्हे, २०२१ नंतर.

एक दुरुस्ती येथेच नोंदवायला हवी, नाहीतर प्रस्ताव एकांगी होतो. तीन वर्षांनी २ वर्षे १७१ दिवस सेवा झाल्यामुळे ब्रायंट सुपर टू झाला, लवादाच्या तीनऐवजी चार फेऱ्या त्याला मिळाल्या आणि २०१८ साठी १ कोटी साडेआठ लाख डॉलर ठरले. त्यामुळे ‘एका दिवसाने त्याचे सर्वस्व गेले’ असे लिहू नये. गेला तो निवडीचा हक्क, आणि तोही एक वर्षाने लांबला.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीत काम केलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. हंगामी कामगाराचे २४० दिवस भरत आले की त्याला ‘ब्रेक’ दिला जातो, आठ-पंधरा दिवस घरी बसवले जाते आणि नव्या तारखेने पुन्हा घेतले जाते. आपल्याकडच्या १९७१ च्या कायद्याने, कायमपणाच्या हक्कांपासून वंचित ठेवण्याच्या उद्देशाने बदली किंवा हंगामी कामगारांना वर्षानुवर्षे तसेच ठेवणे, ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. कलम चांगले आहे, पण त्यातला ‘उद्देश’ हा शब्द कामगाराच्या वकिलाला घाम फोडतो, कारण उद्देश मालकाच्या मनात असतो आणि हजेरीपटावर फक्त तारखा असतात. मी स्वतः एका कारखान्याच्या करारात हाच शब्द मोठ्या हौसेने घातला होता आणि पुढे सुनावणीत त्याचा उपयोग झाला नाही. व्यवस्थापनाने उत्पादन घटल्याचा तक्ता समोर ठेवला आणि विषय संपला.

ब्रायंटचेही तेच झाले. त्याच्या वतीने संघटनेने २०१५ च्या अखेरीस तक्रार दाखल केली आणि लवादाने ती २०२० च्या सुरुवातीला फेटाळली. क्लबचा हेतू सिद्ध करता आला नाही. असा हेतू कोणी सहसा बोलून दाखवत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिएटल मरिनर्सचे अध्यक्ष केव्हिन मॅथर यांनी एका रोटरी क्लबसमोर बोलताना तरुण खेळाडूंना उशिरा वर आणण्यामागचा विचार उघड केला, चित्रफीत बाहेर आली आणि त्यांना पद सोडावे लागले. असा पुरावा पुन्हा मिळेल या भरवशावर कलम लिहिता येत नाही.

हेतू शोधू नका, उशीर महाग करा

तेव्हा मसुद्यातून ‘हेतुपुरस्सर’, ‘वाईट बुद्धीने’ असे शब्द काढून टाका आणि आकड्यावर चालणारे कलम लिहा. २०२२ च्या कराराने या दिशेने दोन पावले टाकली आहेत. नवोदित पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या पात्र खेळाडूला, तो केव्हाही वर आला असला तरी, पूर्ण वर्षाची सेवा मिळते. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स ११ मे २०२४ रोजी पहिला सामना खेळला आणि पुरस्कार जिंकून त्याने पूर्ण वर्ष मिळवले. दुसरे पाऊल आमिषाचे आहे: नावाजलेल्या तरुणाला हंगामाच्या सुरुवातीपासून खेळवले आणि त्याने पुढे मोठा पुरस्कार मिळवला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जादा निवड मिळते. पहिली अशी निवड २०२२ च्या हुलिओ रोड्रिगेसमुळे सिएटललाच मिळाली, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

ही दोन्ही पावले हुशारीची आहेत, पण ती पुरस्कारापर्यंत पोचणाऱ्या मूठभरांसाठी आहेत. मतदानात सातवा आलेल्या चांगल्या सेकंड बेसमनचे काय? त्याच्यासाठी माझा मसुदा पुढीलप्रमाणे असेल:

‘हंगामाच्या शेवटच्या दिवशी ज्या खेळाडूची एकूण सेवा पाच वर्षे १०० दिवस किंवा त्याहून अधिक भरेल, तो खेळाडू सहा वर्षांची सेवा पूर्ण झालेला मानला जाईल आणि मुक्ततेस पात्र होईल.’

या एका वाक्याने काय होते ते पाहा. २०१५ चीच दिनदर्शिका घेतली, तर ब्रायंटचा सातवा हंगाम राखण्यासाठी क्लबला त्याचे पहिल्या वर्षीचे दिवस ९९ वर रोखावे लागले असते, म्हणजे १८३ पैकी ८४ दिवस त्याला खाली ठेवावे लागले असते. तेव्हा आठ सामन्यांत जे साधले त्यासाठी ७४ च्या आसपास सामने मोजावे लागले असते. अर्धा हंगाम आपला सर्वांत चांगला फलंदाज बाहेर बसवण्याचे स्पष्टीकरण तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांना देणे कठीण असते, आणि कलमाची धार तेथेच आहे. उंबरठा नाहीसा होत नाही. कोणताही आकडा लिहिला तरी त्याच्या अलीकडे कोणीतरी थांबतोच. उंबरठा सरळ हंगामाच्या मध्यावर नेऊन ठेवायचा, म्हणजे तो ओलांडू न देण्याची किंमत क्लबच्या अंगावर येते.

कलमाखाली एक टीप जोडावी. आज ४० जणांच्या यादीतला खेळाडू हंगामात एकूण २० पेक्षा कमी दिवस मायनर लीगला पाठवला गेला, तर ते दिवसही त्याच्या सेवेत धरले जातात. ही तरतूद नव्या कलमाने बाद होणार नाही असे लिहून ठेवले नाही, तर क्लबचे वकील नेमकी तीच बाद झाल्याचा अर्थ काढतील.

वय की सेवा

ऑगस्ट २०२१ मध्ये मालकांनी सेवेचा हिशेबच मोडीत काढून साडेएकोणतीस वर्षे वयाला सरसकट मुक्तता द्यावी असे सुचवले होते. ऐकायला ते स्वच्छ वाटते, कारण वय कोणी रोखू शकत नाही. पण दोन जन्मतारखा समोर ठेवल्या की त्यातली मेख दिसते. हुआन सोटो मे २०१८ मध्ये १९ व्या वर्षी वर आला आणि २०२४ च्या हंगामानंतर २६ व्या वर्षी मुक्त झाला. त्याने न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. वयाच्या नियमाने त्याला आणखी तीनहून अधिक वर्षे थांबावे लागले असते. उलट ॲरन जज ऑगस्ट २०१६ मध्ये, चोविसाव्या वर्षी, आला आणि मुक्त होईपर्यंत तीस वर्षांचा झाला. एकाच सहा वर्षांच्या नियमाने एकाला उमेदीचा काळ विकता आला आणि दुसऱ्याला उतरणीच्या तोंडावर बाजारात जावे लागले.

यावर उत्तर ‘जे आधी घडेल ते’ या शब्दांत आहे. सहा वर्षांची सेवा, किंवा पाच वर्षांची सेवा आणि २९ वर्षे वय, यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्या हिवाळ्यात मुक्तता. संघटनेने २०२१ मध्ये अशाच घडणीचा, थोड्या वरच्या वयाचा, प्रस्ताव ठेवला होता. तो मान्य झाला नाही. तरी मसुद्यात तो पुन्हा घालावा, कारण उशिरा उमलणाऱ्या खेळाडूंची संख्या मोठी असते आणि क्लबलाही त्यांच्या बाबतीत फार गमवावे लागत नाही.

मुक्तता लवकर म्हणजे पैसा जास्त, हे समीकरण मात्र लिहू नका. जजला वरच्या नियमाने २०२१ नंतरच मुक्तता मिळाली असती. प्रत्यक्षात त्याने २०२२ च्या वसंतात यांकीजचा २१ कोटी ३५ लाख डॉलरचा प्रस्ताव नाकारला, त्या हंगामात ६२ होमरन मारले आणि ३६ कोटींचा करार मिळवला.

पहिल्या तीन वर्षांची कमाई

येथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. संघटनेला सुपर टूचे २२ टक्के प्रमाण बरेच वाढवून हवे होते, मालकांनी ते तेथेच अडवले आणि त्याऐवजी लवादाआधीच्या खेळाडूंसाठी बोनस निधी आला. जानेवारी २०२२ मध्ये मालक १ कोटी डॉलरवर होते, संघटना साडेदहा कोटींवर. मिटले ते दरवर्षी ५ कोटींवर. शंभर खेळाडूंत तो वाटला जातो आणि लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू किंवा साय यंग पुरस्कार (सर्वोत्तम चेंडूफेक्याचा) मिळवणाऱ्याला २५ लाख मिळतात. निधी वाढवायचा की लवाद लवकर आणायचा, यांपैकी एकच मागणी प्रस्तावात ठेवा. मी निधी वाढवण्याच्या बाजूने आहे. प्रमाणासाठी २०२२ मध्ये झगडून झाले आहे आणि त्या भिंतीवर पुन्हा डोके आपटण्यात अर्थ नाही.

भरपाईचे ओझे खेळाडूच्या गळ्यात बांधू नका

चांगला खेळाडू निघून गेला की आधीच्या क्लबला काहीतरी मिळावे, हे म्हणणे गैर नाही. लहान शहरांतल्या क्लबची भीती खरी आहे. अडचण भरपाई कोणाच्या खिशातून जाते यात आहे. याच प्रश्नावर १९८१ चा संप झाला आणि ७०० हून अधिक सामने रद्द झाले. सध्या क्लब आपल्या खेळाडूला एक वर्षाचा ठरावीक प्रस्ताव देतो, ज्याची रक्कम १२५ सर्वाधिक वेतनांच्या सरासरीवरून निघते. खेळाडूने तो नाकारला आणि दुसरीकडे गेला, तर घेणारा क्लब ड्राफ्टमधली निवड गमावतो. म्हणजे खेळाडूच्या किमतीवर चिठ्ठी चिकटवली जाते. डॅलस कायकल आणि क्रेग किंब्रेल यांनी २०१८ च्या शेवटी १ कोटी ७९ लाखांचा असा प्रस्ताव नाकारला आणि पुढे दोघेही जून २०१९ पर्यंत घरी बसले. ड्राफ्ट पार पडला, चिठ्ठी गळून पडली आणि त्याच आठवड्यात दोघांना क्लब मिळाले. यापेक्षा स्पष्ट प्रयोग कोणी मुद्दाम रचूनही केला नसता.

मसुद्यात असे लिहा की भरपाईची जादा निवड आधीच्या क्लबला लीगकडून मिळेल आणि घेणाऱ्या क्लबकडून काहीही कापले जाणार नाही. किंमत मात्र आधीच जोखून ठेवा. २०२२ मध्ये मालकांनी हीच चिठ्ठी काढून टाकायची तयारी दाखवली होती, पण बदल्यात परदेशी तरुणांसाठी ड्राफ्ट मागितला होता. डोमिनिकन प्रजासत्ताकासारख्या देशांतली मुले आज सोळाव्या वर्षी क्लबशी थेट करार करतात. ड्राफ्ट आला की निवडीचा तेवढाही हक्क जातो. २५ जुलै २०२२ ची मुदत उलटली, सौदा फिसकटला आणि जुनी पद्धत चालू राहिली. मेजर लीगमधल्या तिशीच्या खेळाडूची सुटका सोळा वर्षांच्या मुलाच्या हक्काच्या बदल्यात घ्यायची का, याचे उत्तर संघटनेला द्यावे लागेल. माझे उत्तर नाही असे आहे.

वेतनमर्यादा या मसुद्यात आणू नका

अमेरिकेतल्या चार मोठ्या लीगांपैकी वेतनमर्यादा नसलेली ही एकच. त्याऐवजी येथे लक्झरी टॅक्स आहे: २०२६ साठी २४ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेलेल्या वेतनावर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षापासून ५० टक्के, शिवाय फार वर गेल्यास अधिभार. मर्यादेचा आग्रह १९९४ मध्ये मालकांनी धरला तेव्हा वर्ल्ड सिरीज रद्द झाली. आइस हॉकीत त्याच आग्रहापायी २००४-०५ चा संपूर्ण हंगाम गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये मालकांनी १० कोटींचा किमान खर्च देऊ केला, पण कराची रेषा १८ कोटींवर आणायची अट घातली, आणि बोलणे तेथेच थांबले. मर्यादा आली की उत्पन्न म्हणजे काय याची व्याख्या लागते, व्याख्या आली की हिशेबाच्या वह्या उघडाव्या लागतात, आणि स्टेडियमभोवतीच्या जमिनीचे भाडे बेसबॉलचे उत्पन्न आहे की नाही यावर दोन वर्षे जातात. तो वेगळा मसुदा आहे आणि तो दुसऱ्या कोणी लिहावा.

करासंबंधी एक लहान कलम मात्र येथे बसते, ते म्हणजे लांबणीवर टाकलेल्या वेतनाचे. शोहेई ओहतानी याने डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सशी १० वर्षांचा ७० कोटींचा करार केला आणि त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी, घ्यायचे ठरवले. पुढे ढकललेल्या डॉलरची आजची किंमत कमी धरली जात असल्यामुळे कराच्या हिशेबात हा करार वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाखांचा भरतो. यात लबाडी नाही. नियम तसाच आहे. लांबणीवर टाकण्याला बंदी घालू नये, कारण तो खेळाडूचाही हक्क आहे. बॉबी बोनिया मेट्सकडून दर १ जुलैला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर घेतो आणि २०३५ पर्यंत घेत राहील, तोही ५९ लाखांच्या बाकीवर आठ टक्क्यांनी. एकूण रकमेच्या किती हिश्श्यापर्यंत लांबणीवर टाकता येईल एवढे ठरवले तरी पुरे.

नियम लागू होण्याचा पहिला हिवाळा

चांगले मसुदे येथे बुडतात. मुक्ततेची अट सैल केली की पहिल्या हिवाळ्यात दोन तुकड्या एकदम बाजारात येतात: जुन्या नियमाने सहा वर्षे भरलेली आणि नव्या नियमाने पाच वर्षे १०० दिवसांची. माल वाढला की भाव पडतो. हे १९७६ मध्ये ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली यांच्या लक्षात आले होते. सगळ्यांनाच दरवर्षी मुक्त करून टाका, असे ते इतर मालकांना सांगत होते आणि कोणी ऐकत नव्हते. संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांना मालक फिन्लींचे ऐकतील याचीच धास्ती होती. सहा वर्षांची अट संघटनेने मान्य केली ती यासाठीच, दरवर्षी थोडेच खेळाडू सुटावेत आणि त्यांच्यासाठी क्लबांची झुंबड उडावी. १९७६ मध्ये सुमारे ५१ हजार डॉलर असलेले सरासरी वेतन १९८० मध्ये १ लाख ४३ हजारांच्या पुढे गेले.

म्हणून संक्रमणाचा तक्ता जोडा. पहिल्या हिवाळ्यात पाच वर्षे १६० दिवस, दुसऱ्यात १३०, तिसऱ्यात १००. आधीच सही झालेले दीर्घ करार जसेच्या तसे राहतील, हेही लिहा. त्याच पानावर अंमलबजावणी येऊ द्या. सेवेच्या दिवसांविषयीची तक्रार पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी निकाली निघाली पाहिजे, कारण चार वर्षांनी मिळालेल्या निकालाने खेळाडूला कोणताच हिवाळा परत मिळत नाही. मालकांनी आपसांत संगनमत करून बोली न लावण्याचा प्रकार १९८५ ते १९८७ या हिवाळ्यांत केला होता आणि १९९० मध्ये २८ कोटी डॉलरवर तडजोड झाली होती. संगनमताविरुद्धच्या सध्याच्या तरतुदी त्या अनुभवातून आल्या आहेत. त्यांना हात लावू नका.

मसुदा तीन माणसांवर चालवून पाहा

कागद पूर्ण झाला की रकान्यांचा तक्ता करा आणि डावीकडे तीन नावे लिहा. ब्रायंट, २०२० अखेर ५ वर्षे १७१ दिवस: नव्या कलमाने मुक्त. जज, २०२१ अखेर ५ वर्षे ५१ दिवस: दिवसांच्या कलमाने नाही, पण वयाच्या कलमाने मुक्त. सोटो, २०२३ अखेर ५ वर्षे १३४ दिवस: मुक्त, आणि तोही पंचविसाव्या वर्षी. तिसऱ्या रांगेपाशी थांबा. सोटोला कोणी रोखून धरले नव्हते. वॉशिंग्टनने एकोणीस वर्षांच्या मुलाला एकाच वसंतात खालच्या पायऱ्यांवरून भराभर वर आणले होते, आणि आपले कलम एका प्रामाणिक क्लबच्या हक्काचे एक वर्ष कापते. त्या क्लबचे व्यवस्थापक समोर बसले आहेत असे समजून त्यांना द्यायचे उत्तर शेवटच्या रकान्यात लिहा. ते लिहिता आले नाही, तर १०० च्या जागी १४० घाला: सोटो पूर्वीसारखाच २०२४ पर्यंत थांबतो, ब्रायंट तरीही सुटतो आणि त्याला रोखण्याची किंमत ७४ सामन्यांवरून ३९ वर येते. मग तक्ता पुन्हा पहिल्या रांगेपासून भरा.